रफार

"आधी सगळं बंद!" बिराजदार काका ओरडले आणि गोदाचा हात वायरीसकट हवेतच थांबला.

"बंदच आहे की, काका."

"मागचं बटण बघ. पडद्यावर अंधार म्हणजे यंत्र बंद, असं नसतंय."

गोदानं टेबलामागं वाकून बघितलं. बटण चालू होतं. तिनं ते हळूच खाली दाबलं आणि जसं काही ते जन्मल्यापासून तसंच होतं, अशा चेहऱ्यानं सरळ उभी राहिली.

"बंद आहे," ती म्हणाली.

"आत्ता झालंय," काका म्हणाले. "कान शाबूत आहेत अजून माझे. टक् ऐकू आलं."

जतच्या माळावर, जिथं एके काळी बाभळी आणि पवनचक्क्यांशिवाय डोळा टेकवायला काही नव्हतं, तिथं आता सूर्यभट्टी उभी होती. उभी म्हणजे खरं तर पुरलेली. जमिनीच्या पोटात खोलवर एक प्रचंड चुंबककडं होतं. त्या कड्याच्या पोकळीत, भिंतीला कुठंही न शिवता, सूर्याच्या गाभ्यासारखा तापलेला वायू गरगरत राहणार होता. आतापर्यंतच्या चाचण्या अर्ध्यामुर्ध्या ताकदीच्या होत्या. पूर्ण ताकदीची पहिली पेटवणी परवा होती. मंत्री येणार होते, शाळांच्या बस येणार होत्या, आणि आलेल्या पाहुण्यांना गंमत म्हणून वरच्या दर्शनकक्षात जुन्या संगणकांचं एक छोटं प्रदर्शन मांडायचं होतं. ते काम अकरावीतल्या गोदा शिंत्रेनं हट्टानं मागून घेतलं होतं. भट्टीच्या मुख्य अभियंता डॉ. मायरा शिंत्रे ही तिची आई. (आईच्या पिढीत सगळ्या मायरा आणि कियारा; त्यांनी मुलींची नावं ठेवली गोदा आणि भागीरथी. गोदाच्या मते हा सरळ सरळ सूड होता.)

यंत्रं होती बिराजदार काकांची. डॉ. बसवराज बिराजदार म्हणजे चुंबकातला शेवटचा शब्द, पण त्यांचा जीव अडकलेला असायचा तो आजोबांच्या काळातल्या गृहसंगणकांत. कळफलकाच्या आतच सगळा संगणक मावलेला, पडदा म्हणून जुना टीव्ही, आणि स्वतःच्या पोटात काहीही साठवून न ठेवता येणारा. वीज गेली की स्मृती गेली. म्हणून त्याला बाहेरून एक चकतीयंत्र जोडायचं, आणि त्यात लवचकती घालायची. लवचकती म्हणजे जुन्या लोकांची फ्लॉपी: हातात धरली की वाकणारी, पापडासारखी पातळ, काळी.

काकांची कल्पना झकास होती. एक गृहसंगणक वर दर्शनकक्षात, दुसरा खाली नियंत्रणकक्षात आईजवळ, आणि दोघांत मिळून एकच चकतीयंत्र, तांब्याच्या लांबलचक तारेनं जोडलेलं. आई खाली टंकणार, वर चकतीवर लिहिलं जाणार, आणि पाहुण्यांना ते वाचायला मिळणार.

गोदानं वायरीच्या टोकाचा गोल खटका खाचेत घुसवला. जाईना. तिनं जोर लावला.

"अगं अगं! काडीएवढ्या पिना आहेत आत, वाकल्या तर तुझ्या आईच्या भट्टीत पण सरळ होणार नाहीत. फिरव. खाच शोध. हां."

खटका बसला. मग चकतीयंत्राच्या ठोकळ्याची वायर, मग ते टीव्हीपासून हातभर लांब सरकवणं, नाहीतर टीव्ही चकतीवरचं पुसून टाकतो. मग आधी चकतीयंत्र चालू, शेवटी संगणक. सगळं प्रदर्शन काकांनी त्यांच्या स्वतंत्र बॅटऱ्यांवर ठेवलं होतं. भट्टीची वीज कधी उसळी घेईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गोदानं नव्या चकत्यांचं पाकीट दातानं फाडलं. मूळ कारखान्याची चिकटपट्टी अजून जशीच्या तशी होती. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता! तिनं पहिली चकती आत सरकवली, खिट्टी खाली केली आणि वाचनाची आज्ञा दिली.

"आखणी?" काकांनी विचारलं.

"काय?"

"कोऱ्या चकतीवर आधी रेघा आखून घ्याव्या लागतात. नाहीतर यंत्राला कुठं लिहायचं, कुठून वाचायचं कळत नाही. लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि तू रडायला लागतीस."

"मी कशाला रडू?"

पण दिवा लुकलुकला नाही. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं, आणि हिरव्या पडद्यावर अक्षरं उमटली. रोमन अक्षरं, कारण या संगणकाला दुसरी येतच नव्हती.

NAMSKAR MANTRI SAHEB

"कुणीतरी वापरलेली आहे," गोदा म्हणाली. "आणि कोण हा ढ? नमस्कारातला एक ए खाल्लाय."

"वापरलेली कशी असेल? पाकीट तू फाडलंस."

तेवढ्यात आई आत डोकावली. कानाला यंत्र, हातात अर्धवट खाल्लेली चकली, डोळ्यांखाली काळं. "गोदा, पाहुणे आल्या आल्या पडद्यावर काहीतरी दिसू दे हं. नमस्कार मंत्रीसाहेब वगैरे. मी पळते." आणि पळालीसुद्धा.

गोदाला मजा वाटली. आयताच मजकूर होता, पण फिका. मधूनच अक्षरं थरथरत होती. तिनं चकतीवर आखणी केली, मजकूर नव्यानं टंकला, लिहायची आज्ञा दिली आणि वाचून बघितला.

NAMSKAR MANTRI SAHEB

ती पडद्याकडं बघतच राहिली. ए तिनंच खाल्ला होता.

"दुरुस्त करते," ती म्हणाली आणि तिचा हात कळफलकाकडं गेला. पण काकांनी खिट्टी वर करून चकती काढून घेतली होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"हात लावू नकोस हिला. ही आता पुरावा आहे." त्यांनी ती आपल्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. "दुसरी घाल."

दुसरी चकती वाचून झाल्यावर गोदा हसत सुटली, कारण पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: BIRAJDAR KAKA HARLE.

"बरं," काका खुर्चीत नीट बसले. "म्हणजे मी हरणार असं म्हणतंय होय हे? बघू." त्यांनी आखणी करून घेतली आणि दोन बोटांनी, एकेक कळ ठोकत, टंकलं: BIRAJDAR KAKA JINKLE. लिहायची आज्ञा दिली. लाल दिवा लुकलुकला. पुन्हा दिली. पुन्हा लुकलुकला.

"काका, तुमच्या पायाखाली बघा."

वायर त्यांच्या बुटात अडकून खाचेतून अर्धवट निसटली होती. काका ती बसवायला टेबलाखाली गेले, आणि गोदाला राहवलं नाही. असा मोका परत कधी मिळतो? तिनं झटक्यात टंकलं. खालून खटका बसल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी तिनं आज्ञेची कळ दाबली.

काका धूळ झटकत वर आले. त्यांनी पडदा वाचला. गोदानंही वाचला. आणि मग दोघांतलं कुणीच हसलं नाही.

ही चकतीही कुलपात गेली, आणि आईला बोलवावं लागलं.

"ह्या चकत्या चाचण्यांच्या वेळी कुठं होत्या, सांग," काका आईला म्हणाले. "माझ्या खालच्या कपाटात. आणि कपाट कुठं? कड्याच्या भिंतीला टेकून. आता बघ. चकतीवर लोहकणांचा लेप आहे. प्रत्येक कण म्हणजे होकायंत्राची इवलीशी सुई. लिहायचं म्हणजे त्या सुया फिरवायच्या. एरवी सुईला फक्त मागचं माहीत असतं, आपल्याला कुणी कुठं वळवलं ते. पण आपल्या कड्यानं ह्यांना असं काही पिळलंय की ज्या दिशेला त्या शेवटच्या विसावणार आहेत, तिकडं त्या आत्तापासूनच जरा कललेल्या आहेत."

"शेवटच्या म्हणजे?"

"म्हणजे त्या चकतीवर अगदी शेवटचं जे लिहिलं जाईल, त्याची छाप आत्ताच पडलीय. आगाऊ."

"आगाऊ छाप," गोदा म्हणाली. तिला नाव एकदम आवडलं.

"मग इतक्या चाचण्यांत कुणालाच कशी दिसली नाही?" आईनं विचारलं.

"नवी यंत्रं शहाणी असतात गं. कुठं जरा कललेलं दिसलं की दोष समजून सरळ करतात आणि पुढं जातात. हे बिचारं भोळं. जे दिसतं ते वाचतं."

आई खुर्चीच्या पाठीला रेलली. "म्हणजे भविष्य वाचता येतंय असं म्हणायचंय का तुम्हाला, बिराजदार?"

"छे! भविष्य कुठलं? ह्या चकतीवरची शेवटची ओळ, बास. कोण लिहील, कधी लिहील, खरं लिहील का खोटं, काही कळत नाही. मी हरलो होतो का? माझी वायर निघाली होती. पोरीनं थट्टा केली. छाप खरी ठरली, पण अर्थ आपण लावला."

हे वाक्य त्या दिवशी तिघांनीही ऐकलं. लक्षात एकानंही ठेवलं नाही.

पाकिटातल्या उरलेल्या चकत्या एकेक करून घातल्या. लाल दिवा लुकलुकायचा आणि पडद्यावर नुसती खरखर. कोऱ्या होत्या, आणि काकांच्या हिशेबानं कोऱ्याच राहणार होत्या. एकच तेवढी निघाली जिनं घरघर केली आणि तीन शब्द दाखवले.

PARVA KARU NAKA

गोदानं मोठ्यानं वाचलं. "पर्वा करू नका."

आईनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. गोदानं तिला असा श्वास सोडताना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

कारण आईच्या डोक्याला एक भुंगा होता. चुंबककड्याचे तुकडे एकमेकांना जोडणारे सांधे होते, आणि त्यातला एक, अगदी तळाचा, तिला पसंत नव्हता. कडं द्रवरूप हेलियमनं गार ठेवलेलं असायचं, बर्फही त्यापुढं ऊन लागेल इतकं गार. सांधा सावकाश गार होत होत घट्ट बसायला हवा. जरा ऊब धरली, तर तिथं चुंबकाची सगळी ताकद उष्णता होऊन फुटेल आणि हेलियम उकळून वायू होईल. याला ते लोक शीतभंग म्हणत. परवापर्यंत सांधा बसेल, असं आईचं गणित सांगत होतं. तिचं पोट मात्र तसं सांगत नव्हतं.

"पर्वा करू नका," आई पुन्हा म्हणाली आणि हसली. "म्हणजे नंतर असं लिहायला कुणीतरी शिल्लक आहे. आणि खुशीत आहे."

"कुणाची पर्वा, ते मात्र लिहिलेलं नाही," काका पुटपुटले. त्यांनी त्या चकतीवर आखणी करून बघितली. रेघा आल्या, पण रेघांच्या मधून तीच अक्षरं डोकावत राहिली.

संध्याकाळी गोदा वसाहतीच्या खानावळीत शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खात होती. भयंकर खुशीत होती. अकरावीतल्या मुलीनं आगाऊ छाप शोधली होती! (काकांनी थोडी मदत केली होती, तो भाग वेगळा.) शेजारी खानावळीच्या सुमनमावशी फोनवर कुणावर तरी उखडल्या होत्या.

"नाही नाही, टाकी धुवायचं परवा करू नका! परवा इथं मंत्री जेवायला आहेत. करायचं तर उद्या करा."

गोदाचा घास तोंडातच राहिला.

परवा करू नका.

तिनं ते मनात दोनदा म्हणून बघितलं. आवाजात काही फरक नव्हता. पर्वा, परवा. तोंडानं म्हटलं तर एकच. फरक फक्त कागदावर, र कुठं बसतो त्याचा. एकात तो सरळ पाटावर बसलेला, दुसऱ्यात व च्या डोक्यावर रफार होऊन. आणि त्या भोळ्या यंत्राला रफार माहीतच नव्हता.

ती उष्ट्या हातानं पळाली.

संचालक यशोधरा पाटणकर यांच्या खोलीत आई आणि काका होतेच. गोदानं धापा टाकत सांगितलं. पाटणकरबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"पण पर्वा का नसेल?" आई म्हणाली.

"आई, तू कधी म्हणतेस का असं?" गोदाचे डोळे चमकत होते. इतक्या मोठ्या माणसांसमोर इतकं नेमकं बोलायला मिळणं, याची झिंग वेगळीच. "धीर द्यायचा असेल तर आपण काय म्हणतो? काळजी करू नका. काही होत नाही. पर्वा करू नका असं कुणी म्हणत नाही! आणि परवा काय आहे? पेटवणी. करू नका असं कोण सांगेल? ज्यानं परवा केली आणि पस्तावला तो."

काकांनी हळूच मान हलवली. "पोरीचं म्हणणं खोडता येत नाही."

"पुढं ढकला मग," आई लगेच म्हणाली.

"कशाच्या जोरावर?" पाटणकरबाईंनी विचारलं. "साठ्यातला हेलियम परवापर्यंतच पुरतो, हे तूच लिहून दिलंयस. त्यापुढं कडं ऊब धरणार, मग सगळं पहिल्यापासून. सहा महिने. दिल्लीला काय सांगू? चकतीनं सांगितलं?" त्या खिडकीशी गेल्या. बाहेर माळावर मंत्र्यांसाठी मांडव घालणं चाललं होतं. "ती चकती परवा करू नका म्हणते ना? ठीक. उद्या करू. कुणालाही न बोलवता. नीट झाली की परवा मंत्र्यांना चालू भट्टी दाखवू."

"आणि सांधा?"

"उद्यापर्यंत बसेल की नाही?"

आईनं तोंडातल्या तोंडात आकडे मांडले. गोदाला तिचे ओठ हलताना दिसत होते. "जवळजवळ," आई म्हणाली.

त्या रात्री जेवताना आईनं गोदाच्या डोक्यावरून हात फिरवला. "हुशार आहेस बाई तू," ती म्हणाली. गोदाला दुसरं काय हवं होतं?

सकाळी दर्शनकक्षात भट्टीचे चाळीसेक कर्मचारी गोळा झाले. खाली नियंत्रणकक्षात नियमाप्रमाणे एकच माणूस: आई. कड्याजवळ यंत्रमानव टिकत नसत, चुंबक त्यांची डोकी फिरवायचा; झडपा हातानंच बघाव्या लागत. दर्शनकक्षाच्या मधोमध खाली जाणारी विहीर होती, तिच्यातून उद्वाहनाचा पाळणा, कडेचा अरुंद जिना आणि काकांची तांब्याची तार खाली जायची. तोंडाशी एक लोखंडी झाकण, हातानं ओढायच्या दांड्यावर.

प्रदर्शनही मांडलेलं होतं. तीन शब्दांची ती चकती गोदानं सकाळीच आपल्या जाकिटाच्या आतल्या खिशात घातली होती. यंत्रात जाऊच द्यायची नाही, म्हणजे कुणी तिच्यावर काही लिहिणारच नाही. यंत्रात तिनं मुद्दाम एक कोरी चकती ठेवली. कोऱ्या चकतीवर वाईट काय लिहिलं जाणार?

पेटवणी सुरू झाली. जमिनीतून एक घुमारा वर आला, दातांत झिणझिण्या आणणारा. भिंतीवरच्या काट्यानं निम्मं ओलांडलं, पाऊण ओलांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचा आवाज ध्वनिक्षेपकातून आला, "छान बसलंय. छान ब..."

आणि एकदम सगळं गेलं. दिवे, काटे, ध्वनिक्षेपक, प्रत्येकाच्या मनगटावरचं आणि कानातलं यंत्र. घुमाऱ्याच्या जागी खालून एक धक्का आला, जसं काही कुणी पृथ्वीला आतून लाथ मारली. बाहेर जायचं दार विजेवर चालणारं. ते तिथंच अडकलं. दोघं-तिघं त्याला पहारी लावायला धावले.

अंधारात फक्त एक हिरवा पडदा उजळलेला होता. काकांच्या बॅटऱ्यांवरचा. जुन्या यंत्राची कातडी जाड.

"शीतभंग," काका म्हणाले, आणि गोदाच्या अंगावर काटा आला. शब्दामुळं नव्हे. काकांचा तो भरदार आवाज चिमणीसारखा झाला होता.

विहिरीतून पांढरं धुकं वर येत होतं. हेलियम. हवेहून हलका, म्हणून वरच येणार, आणि आल्या जागेवरची हवा हाकलणार. कुणीतरी किंचाळलं, तेही बाहुलीसारखं; हेलियम श्वासात गेला की आवाज असाच बारीक होतो. एक जण ते ऐकून हसला, हसता हसता गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला.

"झाकण!" कुणीतरी ओरडलं. "झाकण लावा!"

काकांनी दांडा धरला होता, पण ओढत नव्हते. "मायरा येत असेल वर. जिन्यानं येत असेल."

"झाकण लावलं तर आई?" गोदाला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

काका विहिरीत डोकावले. खाली मुखवटा होता, मुखवट्यात हवा होती. थोडी.

तेव्हा गोदाचं लक्ष चकतीयंत्राकडं गेलं. लाल दिवा लुकलुकत होता. थांबला. पुन्हा लुकलुकला. जसं कुणी दार वाजवत होतं.

आई! आई खालून लिहीत होती. तांब्याची तार शाबूत होती, खालचा गृहसंगणक शाबूत होता, आणि आई पुन्हा पुन्हा लिहायची आज्ञा देत होती, आणि यंत्राला लिहिता येत नव्हतं. का? गोदानं डोक्याला हात लावला. आखणी. कोऱ्या चकतीवर आखणी करायची ती परत विसरली होती. विसरणारच होती. ती चकती कोरी राहणार, हे काल ठरलेलं नव्हतं का?

आता आखायला वेळ नव्हता. आखलेल्या चकत्या तीनच. दोन काकांच्या कुलपात. तिसरी तिच्या खिशात, छातीशी, गरम झालेली.

दिवा लुकलुकत होता.

ती खिशातच राहिली, तर आई काय म्हणते ते कधीच कळणार नव्हतं. तिला आत घातलं, तर आई काय म्हणणार ते गोदाला कालपासून पाठ होतं. तिनं खिट्टी वर केली, कोरी चकती काढली, खिशातली आत सरकवली. खिट्टी खाली.

लाल दिवा एकदा लागला आणि स्थिर जळत राहिला. यंत्र घरघरलं. कसल्याही घाईशिवाय, काल जसं घरघरलं होतं तसंच.

गोदानं वाचनाची आज्ञा दिली. अक्षरं या वेळी फिकी नव्हती.

"काय म्हणतीय?" काकांनी दांड्याजवळून विचारलं. "वाच की!"

तिनं वाचलं. तीन शब्द.

"करू नका म्हणतीय!" काकांचा चिमणा आवाज फुटला. "ऐकलंत का रे? नका म्हणतीय! मी नाही ओढत. ती येतीय वर. मी नाही..."

मागं आणखी कुणीतरी पडलं. पहारीचे आवाज थांबले होते. गोदानं पडद्याकडं बघितलं. आज परवा नव्हता. टाळायला आता काही उरलंच नव्हतं. आणि आई धीर देत नव्हती. काळजी करू नका म्हणत नव्हती. ती साधं, नेहमीचं मराठी बोलत होती. वाक्याचा पहिला शब्द तेवढा घाईत गाळला होता: माझी.

"काका," गोदा म्हणाली. तिच्या तोंडून एखाद्या लहान, अगदी लहान मुलीचा आवाज निघाला. "तो परवा नाही. रफार आहे. व वर रफार आहे, काका."

काकांनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी डोळे मिटून दांडा ओढला. झाकण विहिरीवर बसलं, आणि त्याच्या कडेखाली तांब्याची तार चेमटली.

धुकं थांबलं. कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणी. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत आली.

चकतीयंत्राचा लाल दिवा पुन्हा लागला. आई आणखी काहीतरी लिहू बघत होती. पण त्या चकतीवरचं शेवटचं लिहून झालं होतं. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. गोदा त्याच्यासमोर बसून राहिली.